‘पुरेसे द्रव द्यावेत’: डेंग्यूच्या एका पानी प्रोटोकॉलचे प्रकरण

कोपरखैरण्यातले पन्नासेक खाटांचे खासगी रुग्णालय. नर्सिंग स्टेशनच्या टेबलावर काचेखाली डेंग्यूच्या उपचारांचे एक पान सरकवलेले आहे. मूळ मजकूर इंग्रजीत आहे, त्याचा आशय असा:

1. रुग्णाला पुरेसे द्रव द्यावेत.
2. वॉर्निंग साइन (धोक्याची लक्षणे) असल्यास बारकाईने लक्ष ठेवावे.
3. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचे टक्केवारीतले प्रमाण) आणि प्लेटलेट वारंवार तपासाव्यात.
4. सतत उलट्या किंवा पोटदुखी आणि सुस्ती असल्यास कन्सल्टंटला लवकर कळवावे.
5. बीपी कमी झाल्यास द्रवाचे प्रमाण वाढवावे.
6. प्लेटलेट खूप कमी झाल्यास व/किंवा रक्तस्राव झाल्यास प्लेटलेट देण्याचा विचार करावा.

यातले एकही वाक्य चूक नाही. परीक्षेत लिहिले तर गुण मिळतील. रात्री तीन वाजता ड्युटीवर असलेल्या आरएमओला (निवासी डॉक्टरला) मात्र यातून एकही आकडा मिळत नाही.

पुढचे प्रकरण अशा मध्यम आकाराच्या रुग्णालयांत पावसाळ्यात वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र गुंफून रचले आहे. त्यातला रुग्ण म्हणजे कोणी एक व्यक्ती नव्हे आणि रुग्णालयही एकच नाही. मात्रा, वेग आणि निकष मात्र प्रचलित मार्गदर्शक तत्त्वांमधले आहेत.

काय घडले

घणसोलीत राहणारा, महापे एमआयडीसीत कामाला जाणारा 28 वर्षांचा पुरुष. तापाच्या दुसऱ्या दिवशी जवळच्या दवाखान्यात एनएस-1 (डेंग्यूची रक्तचाचणी) पॉझिटिव्ह आले. कागदावर सल्ला होता: भरपूर पातळ पदार्थ घ्या, बरे न वाटल्यास परत या. चौथ्या दिवशी संध्याकाळी तीन उलट्या आणि पोटदुखी झाल्यावर घरच्यांनी त्याला भरती केले. रात्री 8 वाजता ताप 101.8 फॅरनहाइट, नाडी 98, बीपी 114/76, हिमॅटोक्रिट 42, प्लेटलेट 82,000. वजन केले नाही. विचारले तेव्हा त्याने ‘साठच्या आसपास’ म्हणून सांगितले.

आरएमओने ऑर्डर लिहिली: आरएल (रिंगर लॅक्टेट, शिरेतून द्यायचे सलाईन) एक पाइंट, सहा तासांनी. म्हणजे 500 मिलीची बाटली 6 तासांत, ताशी साधारण 83 मिली. साठ किलोच्या माणसाला हे ताशी किलोमागे 1.4 मिली पडते. त्याला ते पुरेसे वाटले, कारण मेडिसिन वॉर्डात बहुतेक रुग्णांना एवढेच चालते.

रात्री दोन उलट्या झाल्या. नोंद: ‘उलटी ++’. अकराच्या सुमाराला लघवी झाली. नोंद: ‘लघवी झाली’. किती, ते नाही. पहाटे 3 वाजता ताप 98.8 वर उतरला, रुग्ण शांत पडून राहिला, सोबत बसलेल्या मेव्हण्याला हायसे वाटले. 4 वाजता नाडी 112, बीपी 100/84. वरचा आकडा शंभर, म्हणून शेऱ्यात ‘बीपी ठीक’. दोन्ही आकड्यांतला फरक 16 होता, आणि डेंग्यूत 20 किंवा त्याहून कमी फरक हे शॉकचे (अवयवांना रक्तपुरवठा अपुरा पडण्याचे) लक्षण असते, वरचा आकडा कितीही सभ्य दिसो. तो फरक कोणी काढला नाही, कारण पानावर फक्त ‘बीपी कमी झाल्यास’ एवढेच होते आणि बीपी काही कमी झाले नव्हते.

सकाळी 6 च्या बॅचमध्ये सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) गेले, पावणेआठला रिपोर्ट आला: हिमॅटोक्रिट 51, प्लेटलेट 38,000. आठला ड्युटी बदलली. नव्या आरएमओच्या डोळ्यांत भरला तो 38,000 चा आकडा. ‘खूप कमी’ म्हणजे 50,000 च्या खाली, असा त्याचा अंदाज. त्याने नातेवाइकांना डोनर शोधायला सांगितले आणि मेव्हणा वाशीच्या रक्तपेढीकडे निघाला. हिमॅटोक्रिट 42 वरून 51 झाले, म्हणजे 21 टक्क्यांहून जास्त वाढले होते. रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) झिरपतो आहे याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मिळत नाही. सलाईन मात्र अजून त्याच 83 च्या वेगाने चालू होते. साडेनऊच्या राउंडला कन्सल्टंटने हात धरून पाहिला: तळवे गार, नखावर दाबल्यावर रंग परतायला 3 सेकंदांहून जास्त वेळ. भरपाई होत असलेला शॉक, म्हणजे शरीर बीपी अजून कसेबसे टिकवून धरते आहे. आरएल 600 मिली एका तासात दिले. पावणेअकराला नाडी 92, बीपी 108/76, हिमॅटोक्रिट 46.

इथे प्रकरण संपले असते तर ‘द्रव कमी पडले’ एवढाच धडा निघाला असता. पण संध्याकाळी वेग टप्प्याटप्प्याने ताशी 120 मिलीवर आणल्यावर शेवटची ऑर्डर होती: ‘आरएल चालू ठेवा, रुग्ण पाहून’. ते चालू राहिले. आजाराच्या सातव्या दिवशी सकाळी 8 पर्यंत, 38 तास, सुमारे साडेचार लिटर. मधल्या काळात रुग्ण जेवू लागला होता, लघवी भरपूर होत होती. सकाळी धाप लागली, ऑक्सिजन 91 टक्के, उजव्या फुप्फुसाच्या तळाशी श्वासाचा आवाज मंद, हिमॅटोक्रिट 37. सलाईन बंद केले, फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारे औषध) 20 मिलिग्रॅम एकदा दिले, दोन दिवसांत रुग्ण सावरला. हिमॅटोक्रिट 37 बघून कोणीतरी ‘आतून रक्तस्राव तर नाही?’ असे विचारले होते. नाडी शांत, बीपी चांगले आणि लघवी भरपूर असताना उतरलेले हिमॅटोक्रिट म्हणजे झिरपलेले पाणी रक्तात परत येते आहे. त्या वेळी आणखी द्रव देणे म्हणजे धाप विकत घेणे.

एकाच रुग्णाला आधी द्रव अपुरे मिळाले, मग अति झाले, आणि दोन्ही वेळा प्रोटोकॉल ‘पाळला’ गेला होता.

आकडे कुठे गळाले

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009 च्या डेंग्यू मार्गदर्शक तत्त्वांत वॉर्निंग साइन असलेल्या, पण शॉकमध्ये नसलेल्या रुग्णासाठी वेग दिलेले आहेत: द्रव सुरू करण्यापूर्वी हिमॅटोक्रिट, मग ताशी किलोमागे 5 ते 7 मिली, 1 ते 2 तास, मग 3 ते 5 मिली, 2 ते 4 तास, मग प्रतिसाद पाहून 2 ते 3 मिली किंवा कमी. लघवीचे लक्ष्य ताशी किलोमागे सुमारे अर्धा मिली. या रुग्णाला यातल्या कमीत कमी वेगांनी दिले असते (2 तास 300, 4 तास 180, 4 तास 120), तर पहिल्या 10 तासांत 1,800 मिली गेले असते. प्रत्यक्षात गेले 830. या दोन आकड्यांमधले अंतर अज्ञानातून आलेले नाही. कन्सल्टंटला हे वेग पाठ होते. एका पानात बसवताना ते गाळले गेले, कारण पान लिहिणाऱ्याला ते ‘सगळ्यांना माहीत असतात’. रात्रीचा आरएमओ बऱ्याचदा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो, कधी महिन्याभरापूर्वी रुजू झालेला असतो. पान त्याच्यासाठी आहे. कन्सल्टंटला ते लागतच नाही.

दुसरे कारण थोडे अप्रिय आहे. अशी पुष्कळ पाने मान्यतेच्या तपासणीआधी घाईने तयार होतात. तपासणीला ‘लिखित प्रोटोकॉल आहे का’ याचे उत्तर लागते, आणि मोघम वाक्याचा फायदा असा की त्यावर कोणी हरकत घेत नाही. आकडा लिहिला की उद्या तो पाळला का, असे विचारता येते.

सगळा दोष स्थानिक पानाचाही नाही. मूळ दस्तऐवजातही ‘सतत उलट्या’ आहे, किती ते नाही. ‘प्लेटलेट वेगाने घसरणे’ आहे, किती तासांत किती ते नाही. द्रव कधी कमी करावे, याचा निकष म्हणून लघवी किंवा तोंडाने घेतलेले द्रव ‘पुरेसे’ असणे असे म्हटले आहे. मोघमपणा वरून खाली येताना वाढत जातो: आंतरराष्ट्रीय दस्तऐवज, राष्ट्रीय मार्गदर्शिका, रुग्णालयाचे पान, केसपेपरवरची ऑर्डर. प्रत्येक पायरीवर एखादा आकडा गळतो. नेदरलँड्समधल्या फॅमिली डॉक्टरांच्या निर्णयांचा 1998 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. स्पष्ट शिफारशी 67 टक्के निर्णयांत पाळल्या गेल्या होत्या, मोघम शिफारशी 36 टक्क्यांत.

वाक्यांत नेमके काय बिघडले होते

मोघमपणा एका जातीचा नसतो, आणि प्रत्येक जातीवरचा उपाय वेगळा असतो.

‘पुरेसे’, ‘वारंवार’, ‘खूप कमी’ यांना सीमारेषा नाही. इथे आकडा घातला की काम भागते. चौथे वाक्य वेगळ्या कारणाने बिघडलेले आहे: ‘सतत उलट्या किंवा पोटदुखी आणि सुस्ती’. एका वाचनात उलट्या एवढ्यानेही फोन करायचा. दुसऱ्या वाचनात सुस्ती असल्याशिवाय फोनच करायचा नाही. रात्रीच्या आरएमओने दुसरे वाचन केले. उलट्या होत्या, पोट दुखत होते, पण रुग्ण शुद्धीत होता, बोलत होता. इथे आकड्याने काही होणार नाही. प्रत्येक लक्षण वेगळ्या ओळीवर लिहायचे आणि वर ‘यापैकी एकही’ असे लिहायचे. सहाव्या वाक्यातल्या ‘व/किंवा’चेही तेच. प्रोटोकॉलमध्ये ती तिरपी रेघ दिसली की समजावे, लिहिणाऱ्यानेच निर्णय घेतलेला नाही.

तिसरी जात म्हणजे गाळलेली माहिती. ‘कळवावे’, पण कोणी? सिस्टरला वाटले आरएमओ कळवेल. आरएमओला वाटले, गंभीर असते तर सिस्टरने सांगितले असते. ‘लवकर’ म्हणजे लगेच, की राउंडच्या आधी? आणि फोन लागला नाही तर? मराठीतले ‘-वे’ प्रत्ययाचे क्रियापद कर्त्याला अलगद वगळून वाक्य पूर्ण करते, त्यामुळे काही गाळले आहे हे वाचताना जाणवतही नाही.

सर्वांत मोठी गाळलेली गोष्ट म्हणजे शेवट. द्रव सुरू करण्याचे वाक्य होते, थांबवण्याचे नव्हते. पानावर ज्या क्रियेला थांबा लिहिलेला नाही, ती पुढची शिफ्ट चालूच ठेवते. थांबवायला कोणाची तरी सही लागते, चालू ठेवायला लागत नाही.

‘विचार करावा’ ही चौथी जात. काही वेळा हे शब्द प्रामाणिक असतात: पुरावा कमजोर आहे, म्हणून शिफारस सौम्य आहे. ग्रेड या शिफारशींची प्रतवारी करण्याच्या पद्धतीत ठाम आणि सशर्त शिफारशींसाठी वेगळी क्रियापदे ठरवून दिलेली आहेत ती यासाठीच. पण प्लेटलेटच्या बाबतीत पुरावा एवढा धूसर नाही. राष्ट्रीय मार्गदर्शिकेत रक्तस्राव नसताना प्रतिबंधक प्लेटलेटची मर्यादा 10,000 च्या खाली अशी आहे. सिंगापूर आणि मलेशियात 372 प्रौढ रुग्णांवर झालेल्या, 2017 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 20,000 किंवा त्याखाली प्लेटलेट असलेल्यांनाही त्या आधीच दिल्याने रक्तस्राव टळला नाही. उलट दुष्परिणाम वाढले. म्हणजे 38,000 ला डोनर शोधायला पाठवण्याचे कारण आजारात नव्हतेच. ते ‘खूप कमी’ या दोन शब्दांत होते, आणि थोडेसे नातेवाइकांच्या दबावातही. ‘प्लेटलेट किती?’ हा नवी मुंबईच्या प्रत्येक वॉर्डात पावसाळ्यात पहिला विचारला जाणारा प्रश्न आहे. हिमॅटोक्रिट कोणी विचारत नाही.

लॅबकडूनही इशारा आला नसता. यंत्र एकेका आकड्याला सामान्य मर्यादेशी ताडून पाहते, आणि पुरुषात 51 म्हणजे मर्यादेच्या जेमतेम वर. 42 वरून 51 हा प्रवास रिपोर्टवर छापला जात नाही. सर्वसाधारण इशारा-गुणांकनानेही फार मदत केली नसती: न्यूज-2 मध्ये (नाडी, बीपी, ताप अशा नोंदींना गुण देण्याची पद्धत) पहाटे 4 च्या आकड्यांना नाडीचे 2 आणि वरच्या बीपीचे 2 असे 4 गुण मिळतात, तातडीची पायरी 5 ला सुरू होते. ताप उतरल्यामुळे रात्री 8 चा तापाचा 1 गुण तोपर्यंत गेलेला असतो. डेंग्यूत ताप उतरणे ही धोक्याच्या काळाची सुरुवात असू शकते, आणि गुणांकन त्याला सुधारणा समजते.

पान पुन्हा लिहिताना

नव्या पानात प्रत्येक वाक्याला पाच जागा भरायच्या, असे ठरले: कोणी, काय, किती, कधीपर्यंत, नाही झाले तर पुढे काय. पहिले वाक्य असे झाले:

‘वॉर्निंग साइन असलेला, शॉक नसलेला प्रौढ: आरएमओ भरतीच्या वेळी काट्यावर वजन करून घेतो आणि हिमॅटोक्रिट पाठवतो. नमुना घेतल्यावर, रिपोर्टची वाट न पाहता, आरएल किंवा एनएस (नॉर्मल सलाईन) ताशी किलोमागे 5 मिली, 2 तास. मग पुन्हा तपासून 3 मिली, 4 तास. मग 2 मिली. प्रत्येक टप्प्याची वेगळी ऑर्डर आणि वेळ. वेळ संपली आणि नवी ऑर्डर नसेल तर सिस्टर आरएमओला बोलावते. जुना वेग आपोआप पुढे चालू राहत नाही.’

शेवटचे अर्धे वाक्य या प्रकरणातून थेट आलेले आहे. थांबण्याचा निकषही वेगळा लिहिला: 24 तास नाडी-बीपी स्थिर, तोंडाने घेतलेले टिकते, लघवी ताशी किलोमागे अर्धा मिलीपेक्षा जास्त, हिमॅटोक्रिट उतरते आहे, हे जुळले की सलाईन बंद. 48 तासांपुढे चालू ठेवायचे असेल तर कन्सल्टंटची सही आणि कारण.

किलोमागे मिली लिहून भागत नाही, कारण वॉर्डात प्रत्येक खाटेला इन्फ्युजन पंप नसतो. ताशी 300 मिली म्हणजे 20 थेंबांच्या (1 मिलीचे 20 थेंब पाडणाऱ्या) सेटवर मिनिटाला 100 थेंब, आणि मिनिटाला शंभर थेंब कोणी नीट मोजत नाही. त्यापेक्षा बाटलीवर पट्टी चिकटवून वेळ लिहावी: 500 मिली, सुरू 8.00, संपणार 9.40. सेट बदलला की गणितही बदलते. काही सेट 15 थेंबांचे असतात, मायक्रोड्रिप 60 चा, म्हणून पाकिटावरचा आकडा पाहायचा हेही पानावर आले. खाली 40 ते 90 किलोपर्यंत दर दहा किलोंसाठी तयार तक्ता. स्थूल रुग्णात आदर्श वजन धरायचे, नाहीतर द्रव अति होते. ही ओळ तक्त्याच्या अगदी वरच ठेवली, कारण तळटीप कोणी वाचत नाही.

‘बारकाईने लक्ष’ची जागा अशी भरली: नाडी, बीपी, तळव्यांचे तापमान दर तासाला, ताप 100 च्या खाली आल्यापासून पुढचे 48 तास हेच चालू. लघवी मोजपात्रात, दर 4 तासांनी मिलीमध्ये. ‘झाली’ ही नोंद ग्राह्य नाही. हिमॅटोक्रिट दर 6 तासांनी, आणि रात्री 12 चा नमुना सकाळच्या बॅचसाठी थांबवायचा नाही. आकडा लॅबच्या कागदावर न राहता खाटेजवळच्या तक्त्यात, आधीच्या आकड्याशेजारी लिहायचा. बीपीच्या रकान्याला लागून ‘फरक’ असा तिसरा रकाना. सिस्टरने वजाबाकी करून तो भरायचाच.

‘सतत उलट्या’साठी अमेरिकेच्या सीडीसीच्या रुग्णपत्रकातला निकष घेतला: 24 तासांत 3 किंवा अधिक. कन्सल्टंटला फोन: यापैकी एकही असल्यास 15 मिनिटांत, आरएमओने स्वतः, दोनदा लागला नाही तर दुसऱ्या कन्सल्टंटचा क्रमांक त्याच ओळीत. ‘15 मिनिटे’ कुठल्याही मार्गदर्शिकेत नाहीत. ती रुग्णालयाने ठरवली, आणि पानावर त्यापुढे तसे चिन्ह आहे. कोणता आकडा पुराव्याचा आणि कोणता सोयीचा हे न सांगणे म्हणजे आणखी एक मोघमपणा.

आकड्यांचाही धोका असतो. हिमॅटोक्रिट 20 टक्के वाढले तर फोन, असे लिहिले की 18 टक्क्यांना कोणी उचलत नाही. शिवाय भरतीचे 42 हे खरे मूळ असेलच असे नाही. झिरपणे आधीच सुरू झालेले असू शकते, आणि गर्भवतीचे मूळ हिमॅटोक्रिट नेहमीपेक्षा कमीच असते. म्हणून उंबरठा 10 टक्क्यांवर ठेवला आणि जोडीला एक मोकळी ओळ: ‘आकडे बसत नसले तरी रुग्ण बरा दिसत नाही असे सिस्टरला वाटल्यास तीही थेट कन्सल्टंटला फोन करू शकते.’ ही ओळ मोघम आहे, जाणूनबुजून. मात्र कोणी आणि कोणाला, हे तिच्यातही पक्के आहे.

दवाखान्यातून घरी जाणाऱ्या रुग्णासाठी वेगळा कागद निघाला. ‘भरपूर पातळ’ऐवजी: दिवसाला 5 ग्लासांपेक्षा जास्त, त्यात ओआरएस, पेज, ताक, नारळपाणी, नुसते साधे पाणी नको. दर 6 तासांत एकदा तरी लघवी झाली पाहिजे. तापाला फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन नको. आणि ‘बरे न वाटल्यास’ खोडून: ताप उतरल्यावरही पोट दुखले, 3 उलट्या झाल्या, हिरड्या-नाकातून रक्त आले, हातपाय गार पडले, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, यायचे.

पान तपासण्याची पद्धत

नवे पान लावण्याआधी ते ज्यांनी लिहिले त्यांना सोडून इतरांना दिले: दोन आरएमओ, नाइटच्या सिस्टर, एक इंटर्न. प्रत्येकाला वेगळे बसवून एकच कागदी रुग्ण: वजन 72, बीपी 104/86, दोन उलट्या, हिमॅटोक्रिट 44 वरून 48. उत्तर लिहून द्यायचे: पुढच्या तासात काय कराल, बाटलीवर कोणती वेळ लिहाल, फोन कोणाला. उत्तरे जिथे फाटतात ते वाक्य बिघडलेले, उत्तर देणारा नव्हे. पहिल्या फेरीत बीपीचा फरक सर्वांनी बरोबर 18 काढला, पण हिमॅटोक्रिटच्या ‘10 टक्के’वर दोघे अडले. 44 चे 10 टक्के 4.4, वाढ 4, म्हणजे बसत नाही. पण फरक 18 असताना फोन करायचा की नाही? ‘यापैकी एकही’ हे शब्द यादीच्या वर होते आणि यादी दोन रकान्यांत छापली होती. एकाने ते फक्त डाव्या रकान्याला लावले. यादी एका रकान्यात आणली.

पानाच्या तळाशी आता आवृत्ती, तारीख आणि पुढच्या तपासणीचा महिना आहे: मे, पावसाळ्याच्या आधी, नवे आरएमओ रुजू झाल्यावर, तोच कागदी रुग्ण घेऊन. जुन्या पानाच्या प्रती काचेखालून काढल्या. कॅज्युअल्टीतल्या फायलीत एक राहिली होती आणि एकीचा फोटो आरएमओंच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होता. तो ग्रुपवरून हटवून नव्या पानाचा फोटो पिन केला.